नवा माणूस, जुनी गाणी

आमच्या बँडमध्ये शेवटपर्यंत टिकलेली माणसं दोनच. एक गाणारा आणि दुसरी मी. गाणारा बदलला असता तर बँडच राहिला नसता, हे कुणालाही कळत होतं. मी बदलले असते तर कुणाच्या लक्षात तरी आलं असतं का, याची मला आजही खात्री नाही. मी बेस वाजवायचे. चार जाड तारांची ती गिटार, जी वाजत असताना कुणाला ऐकू येत नाही आणि थांबली की काहीतरी बिनसलंय एवढंच जाणवतं. शो संपल्यावर लोक विचारायचे, "आप गाती हैं?" नाही म्हटलं की त्यांचा माझ्यातला रस संपायचा.

आज सांगून खरं वाटणार नाही, पण आम्ही प्रसिद्ध होतो. नुसते दिल्लीत नाही, चांगले देशभर. केबल नुकती घरोघर आली होती. गाण्यांचं एक चॅनल दिवसभर चालायचं आणि त्यांच्याकडे दाखवायला पुरेशी गाणी नव्हती. आमच्या पहिल्या कॅसेटमधल्या एका गाण्याचा व्हिडिओ त्यांनी इतक्या वेळा दाखवला, की शेजारच्या क्वार्टरमधल्या सरदारीणबाई भाजी निवडताना ते गुणगुणायच्या. गाणं इंग्रजी होतं, आणि त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. कोलाच्या कंपन्या नव्यानेच देशात शिरल्या होत्या, त्यांना तरुण लोक गोळा करून हवे होते, आणि तरुण लोक गोळा करायला आम्ही होतो. आमच्या चौघांचे चेहरे छापलेले टी-शर्ट सरोजिनी नगर मार्केटात ढिगाने विकायला असायचे. आमच्या परवानगीने वगैरे नाही. पण त्या मार्केटात कोण कुणाची परवानगी घेतं?

मी राहायचे तिथूनच जवळ, सरकारी क्वार्टरमध्ये. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. त्यांचं दर गुरुवारी आमच्या पुढच्या खोलीत भजनी मंडळ बसायचं. सगळे सरकारी नोकर, सगळे मराठी, सगळे कधी ना कधी बदलीवर जाणारे. मृदंगवाले नागपूरला गेले की टपालखात्यातले दुसरे कोणी मृदंगावर बसायचे. तेही गेले की आणखी तिसरे. मध्ये कोणीच मिळेना तेव्हा मला तबला शिकायला घातलं आणि दहा-अकरा वर्षांची असताना मंडळात बसवलं. नवा माणूस आला की बाबा त्याला पेटी बाजूला ठेवून तोंडाने बोल म्हणून दाखवायचे: इथे असं, इथे दुप्पट, इथे थांबायचं. गुरुवार-दोन गुरुवार गेले की मंडळ पूर्ववत. कोणी गेल्याचं दुःख करत बसायचं नाही. बाबा म्हणायचे, "माणूस जातो. भजन कुठे जातंय?"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते माझ्या हाडांत गेलं होतं. आमच्या बँडचं पुढे जे काही झालं, त्यात या वाक्याचा हात मोठा आहे.

गुरुवारी भजन असायचं आणि शनिवारी दुपारी त्याच खोलीत आम्ही. शेजाऱ्यांना आवाजाची सवय होती, आणि सगळ्यांनी आमच्याकडचा प्रसाद खाल्लेला असल्यामुळे तक्रार करायला कोणाची जीभ रेटायची नाही. आई दिवाणावरची चादर काढून ठेवायची, चहा टाकायची आणि कानात कापूस घालून स्वयंपाकघरात जायची. तिथून ती सगळं ऐकायची, कापूस असूनही.

चौघांमधला गाणारा राजौरी गार्डनचा, देखणा, लाडावलेला, गळा मात्र देवाने दिलेला. गिटारवाला मुनिरक्याचा, अर्थशास्त्रात पहिला आलेला, बोलायला अतिशय कमी. आणि ड्रमर. ड्रमर आर. के. पुरमचा, आमच्यासारखाच सरकारी क्वार्टरमधला, मल्याळी घरातला. त्याची एक खोड होती. तो ठोका जिथे पडायला हवा त्याच्या किंचित, अगदी किंचित मागे टाकायचा. मुद्दाम नाही. त्याचा स्वभावच सावकाश, जेवायलाही बसला की सगळ्यांचं आटोपल्यावर त्याचं अर्धं झालेलं असायचं. पण त्या मागे राहण्यात काहीतरी होतं. मी त्याच्यासाठी थांबायचे, गिटारवाला माझ्यासाठी थांबायचा, आणि गाणारा आमच्या सगळ्यांच्या पुढे पळत असायचा. त्या ओढाताणीतून जो आवाज निघायचा तोच आमचा. हे तेव्हा आम्हाला कळत नव्हतं. आम्हाला वाटायचं, गाणी चांगली आहेत.

पहिली कॅसेट गाजत होती तेव्हाच ड्रमरला अमेरिकेतल्या विद्यापीठाचं पत्र आलं. कॉम्प्युटर. त्या वर्षांत दिल्लीतल्या प्रत्येक सरकारी क्वार्टरमधून एक मुलगा कॉम्प्युटर शिकायला अमेरिकेला जायचा, जणू तशी सरकारी योजनाच होती. तो आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसला आणि म्हणाला, "यार, घरवाले नहीं मानेंगे." त्याने न जाण्याची गोष्ट कोणी काढलीच नाही. त्यालाही जायचंच होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. आईने त्याला डबाभर चकल्या बांधून दिल्या.

आमची कॅसेट काढणाऱ्या कंपनीला दुसरी हवी होती. आमच्याकडे पाच नवी गाणी तयार होती. त्यातली तीन माझी होती, शब्दांसकट. पहिल्या कॅसेटमधली सगळी गाणी गाणाऱ्याने आणि गिटारवाल्याने बांधलेली. या वेळी पहिल्यांदाच माझी गाणी येणार होती. मला दुसरी कॅसेट किती हवी होती ते आज लिहिताना थोडी लाज वाटते, पण हवी होती. मला एकदा तरी लोकांना ऐकू यायचं होतं. मी म्हटलं, काळजी कशाला? माणूस जातो, गाणी कुठे जातायत? नवा ड्रमर आणू, महिनाभरात बसवू.

नवा ड्रमर आणला. तयारीचा होता, हात भारी. पण त्याला नवी गाणी शिकवायची कशी, जेव्हा येत्या पंधरवड्यात शो आहे आणि शोमध्ये लोकांना जुनीच गाणी हवीत? आधी जुनी बसवणं आलं. आमच्यात कुणालाच स्वरलिपी वगैरे येत नव्हती. कॅसेट लावून ऐकवलं तर त्याला ठोके कळायचे, पण ते मागे राहणं कळायचं नाही. मग मी बाबांचं काम केलं. त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि जुन्या ड्रमरचा प्रत्येक ठोका तोंडाने म्हणायला लागले. धम् तक, ध-धम् तक, इथे श्वास घे, इथे घाई करू नकोस, धम्. हाताने मांडीवर ताल धरून. गाणारा भिंतीला टेकून हसायचा, "चलो, मॅडम का कीर्तन शुरू."

हसू दे. पण बोलांनी काम झालं. महिन्याभरात नवा माणूस जुन्यासारखा वाजवायला लागला. आता नव्या गाण्यांना हात घालायचा, तोच तो मुंबईला गेला. सिनेमाच्या गाण्यांत वाजवणाऱ्यांना तिकडे रोज काम होतं. त्याला दोष तरी काय द्यायचा?

मग तिसरा. करोल बागेत वडिलांचं दुकान असलेला. हा माणूस चांगला, वागायला गोड, पण शनिवारी दुकानात गर्दी असायची म्हणून यायचा नाही, आणि रविवारी यायचा तेव्हा दमलेला असायचा. त्याच्यासमोर पुन्हा मांडी, पुन्हा धम् तक. पुन्हा जुनी गाणी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसं माझ्या त्या तीन गाण्यांचं झालं. दर वेळी ती बसायला आली की कोणीतरी उठून जायचं, आणि पहिले पाढे पंचावन्न. नवा माणूस आला की जुनी गाणी. एवढं एकच वाक्य आहे खरं तर, सगळी कथा त्यातच आली. लोकांना वाटतं बँडमधले जुने लोक गेले की बँडचा आत्मा हरवतो, असं काहीतरी मोठं. ते असेल. पण रोजच्या जगण्यात काय होतं, तर शनिवार हरवतात. नवं करायला जो शनिवार ठेवलेला असतो, तो जुनं शिकवण्यात जातो.

शोला लोक यायचे अजून. पण पुढच्या रांगेतली मुलं पहिल्या ड्रमरचं नाव घेऊन ओरडायची. ड्रमवर बसलेला तिसरा आपला मान खाली घालून वाजवायचा. एकदा मी मार्केटात गेले असताना टी-शर्टवाल्याने आमचाच टी-शर्ट माझ्यासमोर धरला. म्हणाला, "ये लो मॅडम, असली वाले हैं. आजकल तो सब बदल गए." मी म्हटलं, यातली ही मी आहे. त्याने टी-शर्टवरचा चेहरा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला हसू आलं आणि रागही आला. घेतला नाही तो टी-शर्ट. आता वाटतं एखादा घ्यायला हवा होता.

तिसरा लग्न करून मोकळा झाला. चौथा आला तो कॉलेजातून नुकताच सुटलेला, पटपडगंजच्या नव्या सोसायटीत राहणारा. सगळ्यांत शांत आणि, आता म्हणायला हरकत नाही, चौघा ड्रमरांमधला सगळ्यांत चांगला. मी त्याच्यासमोर बसले आणि सवयीने बोल म्हणायला लागले. त्याने ऐकून घेतलं. सगळं जसंच्या तसं वाजवून दाखवलं, मागे राहण्यासकट. मग काठ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "दीदी, ये तो वो है. मैं इसमें कहाँ हूँ?"

मी त्याला म्हटलं, आधी शो होऊ देत, मग तुझं बघू. यात माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही पुरतं वाटत नाही. शो होता, तिकिटं गेली होती, लोकांना ते गाणं तसंच हवं होतं. भजनी मंडळात कोणी कधी विचारलं नव्हतं, की या अभंगात मी कुठे आहे. बसायचं, वाजवायचं, प्रसाद घेऊन घरी जायचं. पण त्या मुलाचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, कारण तो मलाही लागू होता आणि मी तो स्वतःला विचारायचं टाळत होते.

तरी त्याच्याबरोबर माझी दोन गाणी बसली. खरंच बसली. एका शनिवारी आम्ही ती सलग वाजवली. गिटारवाल्याने, जो कधी काही बोलत नाही, माझ्याकडे पाहून मान हलवली. स्वयंपाकघरातून आई बाहेर आली, एका कानातला कापूस काढून म्हणाली, "हे छान आहे गं." मला वाटलं, झालं. आता फक्त तिसरं गाणं बसवायचं आणि कंपनीत जायचं. त्या संध्याकाळी मी इतकी खूश होते की बाबांच्या मंडळातल्या एका काकांना मी आपणहून पोह्यांची प्लेट वाढली. एरवी मी त्यांच्यासमोर जायचे नाही, भेटले की लग्नाचं विचारायचे.

पुढच्याच महिन्यात गिटारवाला गुडगावला गेला.

गुडगाव म्हणजे काही अमेरिका नाही. पण तेव्हा होतं. मोकळं माळरान, मध्येच काचेची एक इमारत, तिच्याभोवती रस्ता व्हायचाय आणि रस्त्यावर म्हशी. त्याला तिथल्या एका परदेशी कंपनीत नोकरी लागली, कंपनीनेच जवळ फ्लॅट दिला. तो म्हणाला, शनिवारी येत जाईन. पहिले काही शनिवार आलाही, बसने, धौला कुआँला बदलून, धुळीने केस पांढरे झालेले. मग कंपनीत शनिवारी मीटिंगा सुरू झाल्या. मग फोन यायचा: "इस हफ्ते नहीं हो पाएगा." तिकडे पटपडगंजहून ड्रमर दोन बस बदलून यायचा आणि आमच्या पुढच्या खोलीत वाट पाहत बसायचा. दिल्ली एवढी पसरली की आमच्या बँडला पुरेना. कोणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान सांगायला काही असतं. नुसतं कमी कमी होत गेलं. एक दिवस चौथा ड्रमर म्हणाला की त्याने मित्रांबरोबर स्वतःचा बँड काढलाय. आईने त्यालाही चकल्या दिल्या. दिवाळी नव्हती, तरी तिने केल्या होत्या.

मी बाबांपाशी बसून म्हटलं, तुमचं मंडळ कसं चालतं इतकी वर्षं? आमचं का नाही चालत? बाबा पेटीची धूळ पुसत होते. ते म्हणाले, "अगं, आमच्याकडे ऐकायला कोणी येत नाही. येतो तो बसतो आणि टाळ घेतो. तुमच्याकडे लोक बघायला येतात." मग म्हणाले, "ज्याच्याकडे बघायचं तोच गेला की पंचाईत होणारच." हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर माझी पाच-सहा वर्षं वाचली असती, असं मी त्यांना फणकाऱ्याने म्हटलं. ते म्हणाले, "तू विचारलंस कुठे?"

मी त्या सुमारास बाराखंबा रोडवर एका ऑफिसात नोकरीला लागले होते. हिशेबाचं काम. बेस कपाटाच्या मागे उभा होता. तरी मी दुसऱ्या कॅसेटची आशा सोडली नव्हती, ही खरी गंमत. मी लंच अवरला कॅसेट कंपनीत फोन करायचे.

आणि एक दिवस गाणाऱ्याचाच फोन आला. कंपनी कॅसेट करायला तयार आहे. त्याच्या एकट्याच्या नावाने, हिंदीत. बँड वगैरे आता कोणी ऐकत नाही, असं कंपनीचं म्हणणं. पण आमचं ते गाजलेलं गाणं त्यात नव्या रूपात घ्यायचंय. "और तेरे दो गाने," तो म्हणाला. "हिंदी में कर लेंगे. बिल्कुल पक्का." फक्त एक अडचण होती. ड्रमर ठेवायचा नव्हता, सगळं मशीनवर होणार होतं, आणि जो माणूस मशीन चालवणार त्याला आमच्या गाण्यांची चाल, ठेका काही ठाऊक नव्हतं. "तू ही बता सकती है. तेरा कीर्तन."

मी गेले. ऑफिसातून रजा टाकून. नोएडातल्या एका घराच्या तळघरात स्टुडिओ होता, भिंतींना अंड्यांचे ट्रे लावलेले. मशीन चालवणारा माणूस सभ्य होता, माझ्याहून लहान. मी खुर्चीवर बसून बोल म्हणत गेले आणि तो एकेक ठोका बोटाने दाबून आत घालत गेला. धम् तक, ध-धम् तक. मी म्हटलं, हा जरा मागे. त्याने पडद्यावर कसलीशी रेघ किंचित सरकवली. म्हणाला, "इतना?" मी म्हटलं, अजून थोडा. त्याने अजून सरकवली. आणि पहिला ड्रमर त्या तळघरात येऊन बसला. शप्पथ. तोच सावकाशपणा, तेच रेंगाळणं. इतक्या माणसांना मी मांडी घालून महिनेमहिने जे शिकवलं, ते त्या यंत्राला एका दुपारी आलं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? मी म्हटलं, आता माझा बेस लावा, मी यावर वाजवते.

तो जरा अवघडला. म्हणाला, "मॅडम, बेस तो डाल दिया. कॅसेट सुनके." आणि त्याने एक बटण दाबून ऐकवलं. माझाच बेस होता. माझ्यापेक्षा स्वच्छ.

गाणारा काचेपलीकडे उभा होता, त्याने अंगठा दाखवला. माझ्या दोन गाण्यांचं विचारलं तर म्हणाला, ते अगले में. कंपनीला या वेळी प्रेमगीतं हवीत. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. मी डीटीसीची बस पकडून घरी आले. वाटेत यमुना लागते, पूल लागतो, मी काही पाहिलं असेन असं वाटत नाही. मला फक्त झोप येत होती.

कॅसेट आली. चालली म्हणे. मग शो ठरले, गुडगावात एक मोठी बाजारपेठ उघडत होती तिच्या उद्घाटनाचा पहिला. गाणाऱ्याने फोन केला, तू ये, नुसती बेस घेऊन उभी राहा, लोक ओळखतात. वाजवायचं नाही, सगळं मागून वाजणार. मी नाही म्हटलं. तो रागावला नाही. तेवढी ओढही त्याला आता राहिली नव्हती. थोड्या दिवसांनी पुन्हा फोन. मग दुसरी कोणीतरी उभी करतोय, मॉडेल आहे, तिला बेस कसा धरायचा, बोटं कुठे ठेवायची एवढं दाखवशील? खोटं वाटायला नको. "तू ही तो सबको सिखाती है."

मी हो का म्हटलं? आई त्यावर आजही चिडते. मला वाटतं सवय. नवा माणूस आला की शिकवायचं, एवढंच मला येत होतं.

ती मुलगी शनिवारी आली. उंच, हसरी, वसंत कुंजहून रिक्षाने. चप्पल दाराबाहेर काढून आत आली, आईला नमस्ते केलं. मी दिवाणावर तिच्याशेजारी बसले, बेस तिच्या मांडीवर दिला आणि डाव्या हाताची बोटं एकेक करून तारांवर ठेवली. ती हुशार होती. कुठे सरकायचं, कुठे थांबायचं, तिला पटकन कळायचं. मी सवयीने म्हणायला लागले, इथे घाई नको, इथे त्याच्यासाठी थांब. तिने विचारलं, "किसके लिए, मॅम?" मी म्हटलं, कुणासाठी नाही, नुसतं थांब.

जाताना ती संकोचून म्हणाली की सरांनी हाच बेस मागितलाय, व्हिडिओत हाच दिसतो म्हणून. तो मात्र मी दिला नाही. सांगितलं, बिघडलाय, दुरुस्तीला द्यायचाय. तिने विश्वास ठेवला आणि माझ्या पाया पडून गेली.

ती गेल्यावर मी ॲम्प्लिफायर सुरू केला. त्याच्यावर आईने फुलदाणी ठेवली होती, ती खाली ठेवली. आणि आमचं ते गाणं वाजवलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एकदाही न चुकता. देशभर दिवसातून किती वेळा लागणारं गाणं, शेजारच्या सरदारीणबाई भाजी निवडताना म्हणायच्या ते. सगळ्या थांबायच्या जागी मी थांबले. त्या जागी कोणीच येत नव्हतं, मग मी पुढे जायचे. मला फार वाईट वाटत होतं आणि बोटं मात्र बरोबर चालत होती.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. एकट्या बेसला तिला कापूस लागत नव्हता. हे गाणं तिने याच घरात सगळ्या वाद्यांसकट हजार वेळा ऐकलं असेल. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "नवीन बसवतेस का गं काही?"

मी हो म्हटलं, आणि बंद केलं.